जफर मिस्त्रीचा कान

नेरच्या बसस्टँडमागे, आटाचक्कीच्या भिंतीला लागून जफर मिस्त्रीचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, टिनाची दहा बाय बाराची खोली. पुढे ओटा, मागे पडदा, पडद्यापलीकडे संसार. पाटी लावायचं त्याला तीस वर्षांत सुचलं नाही आणि पाटीवाचून कोणाचं अडलंही नाही. एकदा तर थेट फुलसावंगीहून एक माणूस दोन एसट्या बदलून, जळालेली मोटर पोत्यात बांधून आला होता. पोत्यावरून कंडक्टरशी रस्ताभर भांडत आला, पण आला.

लोक येत ते जफरच्या कानासाठी. हात चांगला असलेले मिस्त्री दारव्ह्यात होते, यवतमाळात तर गल्लोगल्ली होते. कान मात्र असा एकच होता. मोबाइल नवेनवे आले होते तेव्हाची गोष्ट. नेरजवळच्या तांड्यावरचा भीमसिंग विहिरीवरून ओरडत होता, "जफरभाई, मोटर चालून राह्यली पन पानी नाई येत!" जफर म्हणाला, "ओरडू नको. फोन मोटरीले लाव." मग त्यानं डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि सांगितलं, "मोटरले काई नाई झालं. खाली फूटव्हॉल्व्हमधे काईतरी अडकलं. चिंधी असंन." भीमसिंगनं पोराला विहिरीत उतरवलं. निघाली चिंधीच, भीमसिंगच्या बायकोच्या, भुरीबाईच्या जुन्या ओढणीची, आरशाचा तुकडा शिवलेली. नेरच्या ओट्यावर बसून तांड्यावरच्या विहिरीतली, पाण्याखालची चिंधी माणसाला ऐकू आली! तांड्यावर ही गोष्ट इतके दिवस चघळली गेली की शेवटी भुरीबाईच वैतागली.

ऐकायची त्याची रीत ठरलेली होती. लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता. त्याचं टोक चालत्या मोटरीवर टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ ओट्यावर कोणी खाकरतही नसे. त्याची बायको सुग्राबी पडद्याआड लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत बसलेली असायची. गुंडाळ्या घालणं हे तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हा तिला बल्ब बदलायची भीती वाटायची, आणि आता कुठल्या मोटरीला किती वेढे लागतात हे तिला तोंडपाठ होतं. जफर ऐकायला लागला की तिचा हात आपोआप थांबायचा. तीस वर्षं झाली तरी त्या क्षणी तिच्या अंगावर काटा यायचा, आणि याची तिला मनातून थोडी लाजही वाटायची.

ती वर्षं मोठी वाईट होती. कापसानं सगळ्या जिल्ह्याला घोर लावला होता. वर्तमानपत्रात यवतमाळचं नाव रोज यायचं आणि एकदाही चांगल्या बातमीखाली यायचं नाही. त्यात वीज. दिवसाचे बारा-बारा तास लाईन नाही, आणि आली की इतकी मरतुकडी यायची की मोटरी ओढ खाऊन जळायच्या. बोंडं भरायच्या दिवसांत मोटर आठ दिवस बंद राहिली की वर्षाची मेहनत गेली, म्हणून माणसं मोटर घेऊन यायची ती चेहरा उतरवूनच. कोणी दुसरा मिस्त्री असता तर दिसली मोटर की उघडली असती. जफर ऐकायचा आणि चारांतल्या एकाला सांगायचा, "उन्हात ठेव दोन दिवस. ओल धरली तिनं. उघडायची गरज नाई." तो माणूस ओट्यावरून उठताना वीतभर उंच झालेला दिसायचा. सुग्राबीनं हे कितीदा पाहिलं होतं. आपल्या घरात काही बरकत असेल तर ती या कानातच आहे, असं ती शेजारणींना उघड सांगायची.

आता या कानाला जोडून एक डोकंही होतं, आणि ते दुखायचं.

विशीपासून दुखायचं. महिन्यातून एकदोनदा अर्धं डोकं असं उठायचं की जफर पडदा ओढून अंधारात पडून राहायचा. आई जिवंत होती तोवर ती कपाळाला ओलं फडकं बांधायची आणि दुआ पुटपुटून फुंकर घालायची. मग समोर बाबुलालचं दुकान निघालं. किराणा, बिडी-काडी आणि बरणीत गोळ्या. त्यातली एक मोठी पांढरी गोळी चहाबरोबर घेतली आणि अर्ध्या तासात डोकं जागेवर! जफरला वाटलं, जादूच झाली. सुग्राबीलाही वाटलं. मला विचाराल तर त्यांना वाटलं यात काही चूक नव्हती. महिन्याकाठी दोनदा घेतलेली गोळी जादूच करते.

पण माणूस दुकानदार असो की मिस्त्री, त्याला दोन दिवस पडून राहणं परवडत नाही. डोकं दुखल्यावर घ्यायची गोळी हळूहळू दुखेल म्हणून घ्यायला लागली. मग पहाटे जाग येतानाच डोकं दुखायला लागलं, म्हणून दोन गोळ्या चहाआधी. दोन दुपारी. मोटरीच्या गुंडाळ्यांना द्यायच्या वार्निशचा वास चढला की एक. डोकेदुखी महिन्यातून दोनदा यायची ती आठवड्यातून दोनदा यायला लागली, आणि पुढे तिनं जाणंच सोडलं. जफर म्हणायचा, "दुखनं वाढून राह्यलं. गोळी हाय म्हनून तग धरला, नाई तं कवाचाच गेलतो."

आणि मग गावाची ती रीत पडली. कोणी सुरू केली देव जाणे. मिस्त्रीचं डोकं शांत असलं तर आपली मोटर लवकर ऐकली जाते, एवढं लोकांनी ताडलं होतं. म्हणून घाईचा माणूस मोटरीबरोबर गोळ्यांचं एक पाकीट घेऊन यायचा. कोणी विड्याचं पान द्यावं तसं ते ओट्यावर ठेवायचा. "घ्या मिस्त्री, तुमचं डोकं." यात लाच नव्हती हो, माया होती. मुकुटबनचा एक गडी तर आपल्या भागात मिळते ती गोळी जास्त कडक म्हणून मुद्दाम घेऊन आला होता. सुग्राबी ती पाकिटं टेपच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची, आणि डबा भरलेला दिसला की तिला बरं वाटायचं. सगळं गाव मिळून त्या माणसाला रोज थोडंथोडं विष पाजत होतं, आणि सगळ्यात पहिला हात तिचा होता. पहाटेच्या दोन गोळ्या चहाच्या बशीत तीच ठेवायची.

त्या साली दिवाळीनंतर भीमसिंगची पाच हॉर्सपॉवरची मोटर जळाली. सुग्राबीनं वेढे घातले, जफरनं मोटर भरली, वार्निश दिलं, वाळवली, चालू केली. पेचकस लावला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बेअरिंग शिट्टी मारून राह्यलं," तो म्हणाला.

बेअरिंग बदललं. दोन दिवसांनी पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. "बारीक हाय, पन हाय. किंईं किंईं." त्यानं मोटर पुन्हा उघडली. आत सगळं आरशासारखं. दुसरं बेअरिंग टाकलं. तरी शिट्टी. भीमसिंग एक दिवसाआड तांड्यावरून यायचा, पाकीट ठेवायचा, बिडी ओढायचा आणि हात हलवत जायचा. त्याचा कापूस पाण्यावर आला होता.

एका भीमसिंगचं असतं तर नशीब म्हटलं असतं. पण त्या महिन्यात जफरला हरेक मोटरीत शिट्टी ऐकू यायला लागली. ज्या मोटरीला तो "उन्हात ठेव" म्हणाला असता ती तो उघडून ठेवू लागला. दुकानात सुट्या मोटरींचा ढीग लागला. लोक आधी गप्प राहिले, मग बाबुलालच्या दुकानापुढे उभे राहून कुजबुजले, मग कुजबुजही थांबली, कारण दोघेतिघे आपापल्या मोटरी उचलून दारव्ह्याला निघून गेले. इकडे सुग्राबी पडद्यामागून हाक मारायची तर जफर तीनदा "काय?" म्हणायचा. तिला वाटायचं, चिडलाय. एवढा कान असलेला माणूस बहिरा होईल, हा विचार तिच्या मनात शिरूच शकत नव्हता. समुद्र आटेल असं कोणाला वाटतं?

भीमसिंगची मोटर तिसऱ्यांदा उघडली त्या दिवशी तो दुपारी आला तो भांडायच्या तयारीनंच आला. त्याला भांडता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

"जफरभाई, आज मोटर घेऊनच जातो. शिट्टी मारते तं मारू दे. मले गानं थोडंच ऐकाचं हाय, मले पानी पायजे."

"अशी नाई देत मी," जफर म्हणाला. "चार दिवसात जाम होईन. माह्या हातची मोटर हाय."

तेवढ्यात दोन वाजले आणि रोजच्यासारखी लाईन गेली. आटाचक्की थांबली. बाबुलालचा फ्रिज थांबला. पलीकडच्या कापसाच्या जिनिंगचा घरघराट बसत बसत बंद झाला आणि बसस्टँडमागचा सगळा भाग एकदम मोकळा झाला. जफरनं मान वर केली. कान टवकारला.

"सुग्रा," तो म्हणाला, "जाऊन पाह्य बरं, कोनाची मोटर चालू हाय? बेअरिंग खल्लास झालं तिचं."

सुग्राबी पडदा सारून बाहेर आली. तिनं भीमसिंगकडे पाहिलं, भीमसिंगनं तिच्याकडे.

"अजी," ती हळूच म्हणाली, आणि मग जोरात, कारण त्याला ऐकू गेलं नव्हतं, "लाईन गेली ना! कोनाची मोटर चालंन?"

जफर तिच्याकडे बघत राहिला. मग उठला. पेचकस घेतला आणि भीमसिंगच्या थंड, उघड्या मोटरीवर टेकवून मूठ कानामागे लावली. डोळे मिटले. मग तो रांजणापाशी गेला आणि पेचकस रांजणाला लावला. मग भिंतीला. मग ओट्याच्या दगडाला. प्रत्येक ठिकाणी तो तितकाच वेळ ऐकत होता, तितक्याच इमानानं. शेवटी तो ओट्यावर बसला.

"दगडातबी तीच शिट्टी हाय," तो म्हणाला. "म्हंजे बेअरिंग माह्या डोक्यात हाय, सुग्रा. त्या मोटरी सगळ्या चांगल्या होत्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. पण हसायला कोणी उरलं नव्हतं. भीमसिंगनं पटका काढून मांडीवर ठेवला आणि तो त्याच्याजवळ खाली बसला. हातात कसब असलेल्या माणसाचं कसब जातं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघू नये. सुग्राबीनं पाहिलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती त्याला घेऊन डॉक्टरकडे निघाली.

डॉक्टर कहकशां म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या शिंप्याची मुलगी. लहानपणी याच ओट्यावर तांब्याच्या तारेचे तुकडे वेचायची. आता तिनं बाजारओळीत दवाखाना टाकला होता. तिनं कानात बॅटरी मारून पाहिली. कान स्वच्छ. मग विचारलं, "चाचा, औषध काय काय चालू आहे?"

"काईच नाई," जफर म्हणाला. "फक्त गोळी घेतो डोक्याची."

"दिवसाला किती?"

जफरनं सुग्राबीकडे पाहिलं. सुग्राबीनं बोटं मोजली. पहाटे दोन, न्याहारीला एक, दुपारी दोन... नऊ झाल्या. ज्या दिवशी वार्निश असे त्या दिवशी दहा. आजवर तिनं त्या कधी अशा ओळीनं मोजल्या नव्हत्या. मोटरीचे हजार वेढे न चुकता मोजणारी बाई, पण इथे मोजायचं तिला सुचलं नव्हतं. आपल्या तोंडून तो आकडा ऐकून तीच दचकली.

कहकशांनं पेन खाली ठेवलं. "किती वर्षं?"

"रोजच्या म्हनशीन तं सात-आठ."

"चाचा, तुमच्या कानातली शिट्टी ही गोळी वाजवते आहे. यात ॲस्पिरिन असतं. इतकं रोज पोटात गेलं की कानात आवाज येतो, ऐकायला कमी येतं. आणि डोकंही आता गोळीच दुखवते."

इथे मात्र जफर उसळला. "असं कसं, बाई? गोळी नाई घेतली तं डोकं फुटते माहं. घेतली का थांबते. मंग गोळीनं कसं दुखंन?"

"गोळी उतरली की डोकं ती मागतं. मागतं म्हणजे दुखतं. तुम्ही देता, ते गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त मागतं. महिन्यातून दहा-पंधरा दिवसांच्या वर अशा गोळ्या जायला लागल्या की डोक्याला ही सवय लागते. कुंपणच शेत खाऊन राह्यलं, चाचा."

जफर विचारात पडला. मग हळूहळू बोलला, स्वतःशीच. "लाईन कमी येते तवा मोटर जास्त करंट ओढते. जास्त ओढते म्हनून गरम होते, गरम झाली का अजून ओढते. अन् पाहनाऱ्याले वाटते, किती जोर लावून राह्यली." तो थांबला. "मंग जळते."

"तसंच," कहकशां म्हणाली. तिनं त्याच्या पोटातल्या जळजळीची चौकशी केली, शौचाला काळी तर होत नाही ना विचारलं, रक्त-लघवी तपासायला यवतमाळला पाठवली. चार दिवसांनी कागद आले. किडनीवर ताण आला होता, पण गेली नव्हती. "अशीच आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर मी आज कानाबद्दल बोललेच नसते," ती सुग्राबीला म्हणाली. गोळ्या बंद. ही नाही, दुसरी नाही, मुकुटबनची तर नाहीच. उलटीसाठी औषध दिलं, आणि एक बारीक गोळी रोज झोपताना घ्यायची, डोकेदुखी येऊ नये म्हणून. "पहिले आठ-दहा दिवस फार वाईट जातील. उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच आणा."

"कान येईल ना परत?" सुग्राबीनं विचारलं.

"बहुतेकांचा येतो, चाची. पण पूर्ण येईल का, मी आज सांगणार नाही."

पत्र्याचा डबा सुग्राबीनं कहकशांच्या टेबलावर उपडा केला. एवढा ढीग झाला की कंपाउंडर बघायला आला.

त्यानंतरचे दिवस सुग्राबी जन्मात विसरणार नाही. दुकान बंद, पडदा बंद, खिडकीला गोधडी लावलेली. पहिल्या दिवशी जफर नुसता कण्हत होता. दुसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी ज्या माणसानं तीस वर्षांत तिला कधी 'अगं' च्या वर आवाज चढवून हाक मारली नव्हती, त्यानं पाण्याचा गिलास भिंतीवर फेकून मारला. मग रडला. "एक दे सुग्रा. अर्धी दे. तुले अल्लाची आन हाय."

बाहेर ओट्यावर लोक येतच होते. कोणाला काय माहीत? मोटर उतरवायचे आणि पाकीट पुढे करायचे, "घ्या भाभी, मिस्त्रीसाठी." सुग्राबीनं पहिल्या दोघांना नीट समजावलं. तिसऱ्याच्या अंगावर ती अशी धावून गेली की तो मोटर तिथेच टाकून पळाला. मग ती रस्ता ओलांडून बाबुलालच्या दुकानात शिरली आणि त्याला म्हणाली, "माह्या मानसाच्या नावानं कोनी गोळी मागितली तं देजो नको." बाबुलाल म्हणाला, "मी तं दुकानदार, भाभी. मागितलं तं देतो." ती दुकानातून हलली नाही. नुसती उभी राहिली. शेवटी बाबुलालनंच बरणी उचलून आत ठेवली.

पाचव्या दिवशी तिचा धीर सुटला. त्या पळालेल्या गड्याचं पाकीट ओट्यावर पडलं होतं. तिनं ते उचलून कमरेला खोचलं होतं. फेकलं का नाही, तिलाच सांगता आलं नसतं. जफर डोळ्यांवर ओली ओढणी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचा जबडा थरथरत होता. तिनं कमरेला हात घातला. एक गोळी. एकच. उद्यापासून पुन्हा बंद, असं तिनं मनाशी म्हटलं.

"सुग्रा," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "तार हाय का घरात?"

"हाय."

"मंग फर्मा घे अन् माह्याजवळ बस. वेढे घाल. मी मोजतो. मोजताना मागनार नाई."

तिनं ते पाकीट मोरीत नेलं, एकेक गोळी फोडून पाण्यात सोडली. मग फर्मा घेऊन अंधारात बसली. तार दिसत नव्हती, पण तिच्या बोटांना दिसायची गरज नव्हती. ती फर्मा फिरवायची, प्रत्येक वेढ्याला बोटानं त्याच्या तळहातावर टिचकी द्यायची, आणि तो मोजायचा. एक. दोन. तीन. मधूनच कळ यायची, आकडा दातांत अडकायचा, ती थांबायची. कळ ओसरली की तो पुढचा आकडा म्हणायचा. एकदाही चुकला नाही. त्या दिवशी त्यांनी चार गुंडाळ्या केल्या, दुसऱ्या दिवशी सहा. डोकं फुटत असलेला माणूस शेकड्यांनी मोजतो आणि एक वेढा हुकवत नाही! सुग्राबी त्या अंधारात त्याच्याकडे बघत होती. आपण कोणाच्या घरात नांदतो आहोत हे तिला आज नव्यानं कळत होतं. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बाईला असं वाटणं सोपं नाही.

अकराव्या दिवशी पहाटे तो उठून बसला आणि चहा मागितला. डोकं होतं, पण मागत नव्हतं. शिट्टी मात्र तशीच. बारावा, तेरावा, पंधरावा दिवस गेला, तशीच. डोकं गेलं आणि शिट्टी उरली, असा सौदा झाला. दुकान उघडलं, पण पेचकसाला त्यानं हात लावला नाही. लोक यायचे, त्यांना "थांबा" म्हणायचा. भीमसिंग रोज यायचा. आता मोटर मागायचा नाही. शेजारच्या विहिरीवरून पाळीनं पाणी घेतो म्हणून सांगायचा, आणि भुरीबाईनं दिलेली भाकर-चटणी ओट्यावर ठेवून जायचा.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सुग्राबी आत गुंडाळी घालत होती. जफर बाहेर ओट्यावर. मध्ये पडदा, बाहेर आटाचक्की चालू.

"सुग्रा," तो बाहेरून म्हणाला, "तुही तार घासून राह्यली. फर्म्याच्या डाव्या कोपऱ्याले."

तिचा हात जागीच थांबला. तिनं फर्मा खिडकीपाशी नेला. डाव्या कोपऱ्यात लाकडाला बारीक कुसळ उभं राहिलं होतं आणि तिथून गेलेल्या तारेवरचा रंग केसाएवढा खरवडला गेला होता. आतलं तांबं चमकत होतं. तिनं नखानं चाचपलं तेव्हा कुठे तिला लागलं. हे बाहेरून, पडद्यातून, आटाचक्कीच्या घरघरीतून? तिच्या सगळ्या अंगावर सरसरून काटा आला. ती बाहेर आली तेव्हा जफर दोन्ही हात कानांवर ठेवून, मग काढून, मग ठेवून पाहत होता.

"गेली," तो म्हणाला. "कवा गेली, मलेबी नाई समजलं."

बातमी कशी पसरली कोणास ठाऊक, पण दुपारी गेलेली लाईन परत आली तेव्हा ओट्यापुढे वीस-पंचवीस माणसं उभी होती. बाबुलाल दुकान सोडून आला होता. भीमसिंगची मोटर बांधून तयार होती. चालू केली. जफरनं पेचकस टेकवला, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. लहान पोरंसुद्धा गप्प झाली. त्यानं आजवर कधी घेतला नव्हता इतका वेळ घेतला. आणि जेव्हा डोळे उघडले तेव्हा ते पाण्यानं भरले होते.

"घेऊन जाय, भीमसिंग भाऊ. पहिलं बेअरिंगबी चांगलंच होतं. मोटरची चूक नव्हती, माही होती."

"चुकते बाप्पा मानूस," भीमसिंग म्हणाला आणि मोटर उचलायला वाकला. चौघं धावले. मग ढिगातली दुसरी मोटर आली, तिसरी आली. संध्याकाळपर्यंत जफरनं अकरा मोटरी ऐकल्या, त्यातल्या सात नुसत्या बांधून परत दिल्या. माणसं उंच होऊन ओट्यावरून उठत होती. डोकं पुढेही महिन्यातून एखाद्या वेळी दुखायचंच. ते विशीतलं दुखणं होतं, ते कुठे जाणार? पण त्याला आता अंधार, पाणी आणि कहकशांनं ठरवून दिलेलं माप पुरत होतं.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट. जफर नमाज पढून आला, जेवला आणि पडद्याआड चटईवर टेकला. लाईन गेली होती. आटाचक्की, फ्रिज, जिनिंग, सगळं बंद. सुग्राबी त्याच्याकडे पाठ करून भांडी आवरत होती. आज तिला बरेच दिवसांनी हलकं वाटत होतं.

"सुग्रा, थांब," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून ती थांबली. तो उठला, तिच्यामागे येऊन गुडघ्यांवर बसला आणि त्यानं आपला कान तिच्या पाठीला लावला. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. ती लाजली, "काय करून राह्यले, दार उघडं हाय," म्हणाली. तिनं मान वळवून पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले होते. ते मिटणं ती चांगलं ओळखत होती.

"श्वास घे. मोठा घे. सोड." मग तो म्हणाला, "छातीत शिट्टी हाय तुह्या. वर नाई, खाली. उजवीकडे जास्त. वार्निशनं झाली. कवापासून हाय?"

सुग्राबीनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. शेजारणींना नाही, पुण्याला असलेल्या मुलाला नाही. जफरलाही तिनं सांगितलं नसतं. पण या कानाशी खोटं बोलून उपयोग नव्हता.

"झाले असतीन दोन वर्षं," ती म्हणाली.

"दोन वर्षं? अन् मले काहून नाई सांगितलं?"

सुग्राबी हातातलं ताट पुसत राहिली.

"तुमचं डोकं दुखत होतं ना," ती म्हणाली.